चिमटीत रांगोळी कळेना, आणि दोष निघाला मानेत

रथसप्तमीला सकाळी दारात सूर्याचा रथ काढायला बसले आणि रेघ मधेच तुटायला लागली. आधी वाटलं रांगोळी दमट असेल, दुसऱ्या डब्यातली घेतली, तरी तेच. मग लक्षात आलं की अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधे रांगोळी आहे की संपली हेच मला कळत नाहीये. बघितलं तर आहे, डोळे मिटले तर काहीच नाही. चाळीस वर्षं रांगोळी काढतेय, बोटांकडे बघून काढायची वेळ कधी आली नव्हती. तशीच उठले, कशीबशी सात घोड्यांच्या जागी सात ठिपके देऊन. दुपारी आमटीत मीठ दोनदा पडलं, कारण चिमूटभर म्हणजे किती घेतलं ते हाताला समजेना.

दुखणं मात्र त्याच्या आधीचं. आम्ही बडोद्याचे, पणजोबांपासूनचे, त्यामुळे आमच्याकडे संक्रांत दोन असतात. सकाळी सुगडं, तिळगूळ, आणि नऊ वाजले की सगळं घर धाब्यावर (गच्चीला आम्ही इथे धाबंच म्हणतो), फिरक्या, चिक्की, उंधियुं, शेजारच्या धाब्यावरून दिवसभर 'काप्यो छे'. चौदा तारखेची उत्तरायण आणि पंधराची वासी उत्तरायण, दोन्ही दिवस मी मान मागे टाकून आकाशात बघत होते. सोळाला सकाळी उजवा खांदा धरला. आपण काय म्हणतो, लचक भरली असेल, दोन दिवसांत जाईल. गेली नाही. कळ पाठीच्या पात्याच्या आतल्या कडेपासून सुरू व्हायची, खांद्यावरून दंडाच्या बाहेरच्या बाजूने उतरायची आणि अंगठ्यात जाऊन थांबायची, अगदी कोणी तार ओढल्यासारखी. रात्री तर विचारू नका. एकाच पोझिशनमधे झोप लागायची, उजवा हात डोक्यावर घेऊन. नवरा म्हणायचा अगं हात खाली घे, मुंग्या येतील. पण खाली घेतला की ठणका सुरू, वर घेतला की थोडं सुटल्यासारखं वाटायचं. ह्या हात वर घेण्यातच सगळं उत्तर होतं, पण ते आम्हाला दीड महिना कळलं नाही.

पहिल्या दवाखान्याचं नाव घेत नाही. तिथे सांगितलं वय एक्कावन्न, शुगर आहे, खांदा दुखतोय, म्हणजे फ्रोजन शोल्डर. शुगरवाल्यांना तो होतो हे खरंच आहे, त्यामुळे मलाही पटलं. खांद्याच्या मागून बोटाने चाचपून एक इंजेक्शन दिलं, दुधासारखं पांढरं औषध होतं, ते मला नीट आठवतंय. दुखणं तसूभर हललं नाही, शुगर मात्र तिसऱ्या दिवशी दोनशे साठ. मला राग इंजेक्शनचा नाही आला. हात पूर्ण वर जातोय का, कोपर अंगाला चिकटवून पंजा बाहेर वळतोय का, हे दोन मिनिटांत बघता आलं असतं, कारण फ्रोजन शोल्डरमधे दुसऱ्या कोणी उचलला तरी हात वर जात नाही, आणि माझा तर रात्रभर डोक्यावरच असायचा! बोटं बधिर आहेत हे मी सांगितलं होतं, ते शुगरच्या खात्यात टाकलं गेलं. बायका पन्नाशीच्या झाल्या की त्यांचं प्रत्येक दुखणं वय, शुगर आणि टेन्शन ह्या तीन खणांत भरून मोकळं व्हायचं, हे मी आता ऐकून घेणार नाही.

मधल्या काळात सल्ल्यांचा पाऊस. कोणी हाडवैद्याचा पत्ता दिला, तो मान धरून कट्कन फिरवतो म्हणे आणि माणूस हसत बाहेर येतो. मी गेले नाही ह्याचं श्रेय आमच्या सोसायटीतल्या फिजिओथेरपीच्या मुलीला. ती म्हणाली काकू, मानेतून हातात काही उतरत असेल तर कोणालाही मान पिरगाळू देऊ नका, आधी पेन क्लिनिकला, म्हणजे दुखण्यांवरच्याच डॉक्टरांना, दाखवा.

तर शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. आदल्या दिवशी शिवजीच्या सवारीमुळे सुरसागरच्या आसपासचे सगळे रस्ते बंद, त्यामुळे अपॉइंटमेंट एक दिवस पुढे गेली होती. डॉक्टर मूळचे भूलतज्ज्ञ, आपल्याकडे पेनचे बरेचसे डॉक्टर भूलशास्त्रातूनच येतात, कारण नसेजवळ सुई नेऊन औषध सोडणं हा त्यांचा रोजचा हातखंडा. ते केबिनमधून काहीतरी घ्यायला बाहेर आले आणि माझ्याकडे बघून थांबले. मी वेटिंगच्या खुर्चीत हात डोक्यावर ठेवून बसलेली. "बेन, हाथ माथे केम मूक्यो छे?" मी म्हटलं असं ठेवलं की बरं वाटतं. ते म्हणाले, "आ ज तो चावी छे."

म्हणजे किल्लीच ती. मानेतून निघणारी नस दबली असेल तर हात डोक्यावर घेतल्यावर तिच्यावरचा ताण सैल पडतो म्हणून आराम वाटतो, आणि दोष खांद्याच्या सांध्यात असेल तर हात वर घेतल्यावर उलट जास्त दुखतं. इतकं साधं.

मग त्यांनी जवळजवळ अर्धा तास तपासलं. मान मागे आणि उजवीकडे कलवून वरून हलकासा दाब दिला, त्यासरशी कळ थेट अंगठ्यात, मी ओरडलेच. त्यांनी लगेच सोडलं आणि सॉरी म्हणाले. कोपराच्या खळीत हातोडी मारली, डावा हात उडाला, उजवा आळसावल्यासारखा जेमतेम हलला. मधल्या बोटाचं नख टिचकी मारून सोडलं आणि अंगठा आत उडतो का ते बघितलं. नाही उडला. मग विचारलं की ब्लाऊजची हुकं लावता येतात का, चालताना तोल जातो का, लघवीचा कंट्रोल कसा आहे. मला कळेना मानेचा आणि लघवीचा काय संबंध. तर नुसती नस दबली असेल तर दुखणं हातापुरतं राहतं, पण मानेतला मुख्य मज्जारज्जूच दबला असेल तर ही लक्षणं येतात, आणि तसं असेल तर इंजेक्शनच्या वाटेला जायचंच नाही, सर्जनला गाठायचं. हे प्रश्न पहिल्या ठिकाणी कोणी विचारलेच नव्हते, म्हणून इथे मुद्दाम लिहितेय. तुमच्या घरात कोणाला असं काही होत असेल तर थांबू नका.

एमआरआय झाला. रिपोर्टमधे पाचव्या-सहाव्या मणक्यामधली गादी उजवीकडे सरकलेली आणि नस बाहेर पडायचं भोक अरुंद झालेलं. रिपोर्ट वाचून माझ्या पोटात गोळा आला, कारण त्यात अजून दोन गाद्या फुगल्याचंही लिहिलं होतं. डॉक्टर म्हणाले त्या दोन विसरा. जपानमधे १२११ ठणठणीत माणसांच्या मानेचे एमआरआय काढून बघितले होते, २०१५ साली छापून आलं, त्यातल्या जवळजवळ ८८ टक्के लोकांत कुठली ना कुठली गादी फुगलेली सापडली. म्हणजे फोटोत दिसलं म्हणून ते दुखतंय असं नाही. फोटो, हातोडी आणि बोटं, तिघांची साक्ष जुळली पाहिजे. माझी जुळत होती.

ती कशी जुळते हे मला फार आवडलं. मानेत मणके सात, पण नसांच्या जोड्या आठ. पहिल्या सात नसा आपापल्या नंबरच्या मणक्याच्या वरून निघतात, म्हणजे पाच आणि सहा नंबरच्या मणक्यांमधून निघते ती सहावी नस, आणि आठवी निघते सातव्या मणक्याच्या खालून. सहावीची हद्द अंगठा आणि पहिलं बोट, सातवीची मधलं बोट, आठवीची करंगळी. मानेत सगळ्यात जास्त वेळा दबते ती सातवी, त्याखालोखाल माझी सहावी. मी तिथेच बसल्या बसल्या अंगठा आणि पहिलं बोट जुळवून बघितलं, रांगोळीची चिमूट! दोन्ही बोटं एकाच नसेच्या हद्दीतली, म्हणून चिमूटच तेवढी गेली होती आणि बाकी पंजा शाबूत होता. आणि पतंग का भोवला तेही कळलं. मान मागे टाकली की ते भोक आणखी अरुंद होतं, गादी आधीच सरकत आलेली असणार, त्यात दोन दिवस मी आकाशाकडे बघत उभी.

त्यांनी लगेच सुई टोचायची घाई केली नाही ह्याचंही मला बरं वाटलं. म्हणाले बहुतेकांची दबलेली नस काही आठवड्यांत, महिन्यांत आपोआप शांत होते, सरकलेली गादीसुद्धा बऱ्याचदा हळूहळू आकसते. पण तुम्हाला दीड महिना झोप नाही, दुखण्यामुळे व्यायाम करता येत नाही आणि व्यायाम नाही म्हणून दुखणं जात नाही, हे चक्र तोडायला इंजेक्शन. नसेच्या मुळाशी जी सूज आहे ती उतरवायची आणि ती उतरलेली असताना मान बळकट करून घ्यायची. गादी काही सुईने जागेवर जात नाही हे त्यांनी दोनदा सांगितलं. आणि आधीच्या इंजेक्शनने चढलेली शुगर पूर्ण उतरल्याशिवाय देणार नाही म्हणाले, त्यात अजून दोन आठवडे गेले. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, ताप, कुठे पिकलेलं वगैरे आहे का, हे पण विचारून घेतलं.

घरी मात्र रणधुमाळी. सासूबाई म्हणाल्या, "मानेत सुई? अगं काही झालं तर हात कायमचा जायचा!" ह्यांनी इंटरनेटवर काय काय वाचलं आणि गप्पच बसले. मी दोघांना घेऊन परत डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सासूबाईंना उडवून नाही लावलं. म्हणाले, बा, तुमची भीती खोटी नाही. मानेच्या नसेसोबत बारीक रक्तवाहिन्या असतात, त्या पुढे मेंदूला आणि मज्जारज्जूला रक्त नेतात. दुधासारखं जे स्टिरॉइड, म्हणजे सूज उतरवणारं औषध, असतं त्यात बारीक कण असतात, ते चुकून अशा वाहिनीत गेले तर तिथे अडकतात आणि पुढचा रक्तपुरवठा बंद पडतो, लकवा होऊ शकतो, जीवसुद्धा जाऊ शकतो. क्वचित होतं, पण झालेलं आहे, अमेरिकेत औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीएने एप्रिल २०१४ मधे मणक्याजवळच्या स्टिरॉइड इंजेक्शनांबद्दल ह्याच कारणाने इशारा काढला होता. मग ड्रॉवरमधून एक छोटी बाटली काढून सासूबाईंच्या हातात दिली. डेक्सामेथासोन, पाण्यासारखं स्वच्छ. "ह्यात कण नाहीत. मानेत मी हेच वापरतो. आणि सुई आंधळेपणाने नाही घालणार, सोनोग्राफीवर बघत घालणार." सासूबाईंनी बाटली उजेडात धरून हलवून बघितली, खाली गाळ बसतो का ते. मग म्हणाल्या, बरं.

नवऱ्याने विचारलं की सी-आर्मवर का नाही, कुठेतरी वाचलं होतं त्याने. त्याचं उत्तर पण सरळ मिळालं. सी-आर्म म्हणजे एक्स-रे, त्यात हाडं छान दिसतात, रंगाचं औषध सोडून ते कुठे पसरतंय तेही दिसतं, पण नस आणि स्नायू दिसत नाहीत आणि किरणं लागतात. सोनोग्राफीत नस, स्नायू, धडधडणारी रक्तवाहिनी आणि सुई सगळं त्याच क्षणी दिसतं, किरणं अजिबात नाहीत. पण सोनोग्राफी चालते आवाजाच्या लाटांवर आणि आवाज हाडातून पलीकडे जात नाही, त्यामुळे मणक्याच्या आतलं काही दिसत नाही, म्हणून सुई भोकात न घुसवता नस जिथे बाहेर पडते तिथे दारातच थांबायची. आणि अगदी केसाएवढी वाहिनी सोनोग्राफीतही निसटू शकते, म्हणून औषध कणांशिवायचंच. दोन्ही पद्धती चालतात, ज्याचा हात ज्यात बसलाय त्याने ती वापरावी असं त्यांचं म्हणणं.

प्रोसिजरच्या दिवशी नऊला बोलावलं. खोलीत शिरले तर समोर गुजरातीत मोठी पाटी, इथे गर्भलिंग तपासणी होत नाही. मान दाखवायला आलेल्या बाईसमोर ही पाटी! तर आपल्याकडे १९९४ चा कायदा आहे, त्याखाली प्रत्येक सोनोग्राफी मशीनची नोंदणी लागते, मग ती पोटासाठी असो नाहीतर नसेसाठी. आणि डॉक्टरांनी गंमत सांगितली की त्याच १९९४ साली व्हिएन्नाच्या भूलतज्ज्ञांनी, स्टीफन काप्राल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, गळपट्टीच्या हाडाच्या वर सोनोग्राफीने बघत हाताच्या नसांना भूल दिल्याचं छापलं होतं. त्याच्या आधी ह्या नसा बोटाने चाचपून, नाहीतर पेशंटला हातात झिणझिण्या आल्या का असं विचारत शोधायचे.

डाव्या कुशीवर झोपवलं, उजवी बाजू वर. डाव्या हाताला सलाईनची सुई, बोटाला चिमटा, बीपीचा पट्टा. डॉक्टर माझ्या पाठीमागे आणि मशीन माझ्या तोंडासमोर, कारण त्यांनाही तिकडेच बघायचं होतं, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. बेटाडिन असं गार लागलं की अंगावर काटा आला. मग प्रोब, म्हणजे मशीनची हातात धरायची मूठ, मानेवर ठेवला. त्यातून सेकंदाला एक कोटीच्या वर कंपनं निघतात म्हणे, पण ऐकू काहीच येत नाही. पडद्यावर आधी नुसते करडे ढग. मग त्यांनी बोट दाखवत सांगायला सुरुवात केली आणि ढगांत आकार दिसायला लागले. तो काळा गोल ठोके घेतोय ती गळ्यातली मोठी धमनी. ती पांढरी कड म्हणजे हाड आणि तिच्याखाली काळोख, कारण आवाज पुढे गेलाच नाही. प्रोब खाली सरकवला, "हा सातवा मणका, ह्याला मागचं एकच शिंग असतं." वर सरकवला, "हा सहावा, बघा दोन शिंगं." खरंच दोन पांढरी शिंगं, आणि त्यांच्या बेचक्यात एक काळसर गोल ठिपका. "आ तमारी नस."

मी त्या ठिपक्याकडे बघत राहिले. दोन महिने जिने रात्रीचा दिवस केला ती ही. तुरीच्या डाळीएवढी दिसत होती पडद्यावर.

मग त्यांनी मशीनवर रंग लावला, म्हणजे डॉप्लर, वाहतं रक्त लाल-निळं दिसतं त्यात. नसेच्या जरा मागे एक बारीक लाल टिकली लुकलुकत होती. ते थांबले, प्रोब जरा कलवला, परत बघितलं, आणि सुईची वाट बदलली. बस, एवढंच. पण माझ्यासाठी अख्ख्या प्रोसिजरमधला सगळ्यात मोठा क्षण तो, कारण बोटाने चाचपून ती टिकली कोणालाच कळली नसती.

कातडीला भुलीची बारीक सुई, मुंगळा चावल्यासारखी. मग खरी सुई मागच्या बाजूने, पडद्यावर एक पांढरी रेघ सरकत पुढे येताना दिसत होती. मधे एकदा रेघेचं टोक दिसेनासं झालं तर हात तिथल्या तिथे थांबला, टोक परत दिसेपर्यंत हललाच नाही. टोक दिसत नसेल तर सुई पुढे न्यायची नाही हा त्यांचा नियम. नसेच्या बाजूला पोचल्यावर पिस्टन मागे ओढून रक्त येत नाही ना ते बघितलं, थोडं सलाईन सोडलं, मग औषध, स्टिरॉइड आणि सोबत भूल. सगळं मिळून तीन मिली पण नसेल. त्या काळ्या ठिपक्याभोवती औषधाचं काळं कडं तयार होताना दिसलं, आणि त्याच वेळी माझ्या दंडातून अंगठ्यापर्यंत एक जड दाब उतरत गेला, तोच ओळखीचा रस्ता, पण कळ नाही. मी म्हटलं, इथेच, इथेच दुखतं. ते म्हणाले, मला पण इथेच पाहिजे होतं.

नंतर तासभर झोपवून ठेवलं. हात जड, उचलायला परका वाटत होता. पापणी जड होणं, आवाज बसणं असं काही तास होऊ शकतं, कारण भूल शेजारच्या नसांपर्यंत झिरपते, हे आधीच सांगून ठेवलं होतं, मला काही झालं नाही. श्वासाला त्रास वाटला तर लगेच सांगायचं होतं. त्या दिवशी अ‍ॅक्टिवा चालवायची नाही.

संध्याकाळी दुखणं शून्य. मी बहिणीला फोन करून सांगूनसुद्धा टाकलं. आणि दुसऱ्या रात्री सगळं परत आलं, उलट थोडं जास्तच, मी उशीत तोंड खुपसून रडले की हेही गेलं वाया. खरं तर कागदावर लिहून दिलेलं होतं की भूल काही तासांत उतरते आणि स्टिरॉइडला कामाला लागायला दोन-तीन दिवस, कधी आठवडाही लागतो, मधले दिवस वाईट जातात. पण रात्री दोनला कागद कोण बघतं. चौथ्या दिवशी सकाळी सहाला जाग आली तर दोन्ही हात पांघरुणात होते, खाली. नवऱ्याला उठवून दाखवलं. शुगर तीन दिवस दोनशेच्या घरात होती, मग उतरली, ह्यावेळी मी आधीपासून रोज तपासत होते त्यामुळे घाबरले नाही.

पण हेच इंजेक्शन सगळ्यांना लागू पडेल असं समजू नका. आमच्या भाच्याचंच बघा. युनिव्हर्सिटीत व्हॉलीबॉल खेळतो, उजव्या खांद्याच्या मागे पाठीच्या पात्यावर खळगा पडला होता, दुखत फारसं नव्हतं, फक्त सर्व्हिसचा जोर गेला. सगळे म्हणाले मामीसारखी मानेची नस दबली असेल. त्याची नस वेगळीच निघाली. मानेच्या पाचव्या-सहाव्या मुळांपासून निघून एक नस खांद्याच्या पात्याच्या वरच्या खाचेतून मागे जाते, त्या खाचेवर लिगामेंटचं छप्पर असतं, तिथून पुढे पात्याच्या मागच्या उंच धारेला वळसा घालून खाली उतरते. खांद्याच्या सांध्याची बरीचशी जाणीव हीच नस नेते. भाच्याच्या त्या खालच्या वळणावर सांध्यातून निघालेली पाण्याची गाठ बसली होती आणि ती नसेला चेपत होती, म्हणून एकच स्नायू सुकला आणि वरचा धडधाकट. नसांची करंटवाली तपासणी झाली, सोनोग्राफीत गाठ दिसली, आणि सोनोग्राफीवर बघतच सुईने तिच्यातलं घट्ट, जेलीसारखं पाणी ओढून काढलं. गाठ परत भरू शकते, भरली तर दुर्बिणीने ऑपरेशन करावं लागेल असं सांगितलंय. त्याला मानेत इंजेक्शन दिलं असतं तर वर्ष फुकट गेलं असतं. नस दबली हे दोन शब्द आपण फार सहज वापरतो, कुठे दबली हे विचारल्याशिवाय कोणाकडूनही कुठेही सुई टोचून घेऊ नका, हे मी आता भिशीत, देवळात, जिथे विषय निघेल तिथे सांगते.

माझं आता असं आहे. रोज दोनदा हनुवटी आत ओढायचा व्यायाम, पाती मागे खेचायचा व्यायाम, हात लांब करून नस सरकवायचा एक प्रकार, तो फिजिओच्या मुलीने शिकवला, तिच्याच देखरेखीखाली करते. दोन उशांची एक झाली. मकरपुऱ्याच्या ऑफिसमधे मॉनिटरखाली जुन्या लेजर बुकांचा गठ्ठा ठेवून तो डोळ्यांच्या उंचीवर आणला, जीएसटीच्या दिवसांत दर अर्ध्या तासाने उठते, साहेब बघतात, बघू देत. पाडव्याला गुढीपुढे रांगोळी काढली. बारीक, खरखरीत, दोन्ही बोटांना लागत होती, फक्त अंगठ्याचं टोक अजून पूर्ण जागं नाही. रेघ दोनदा तुटली.

काल रात्री दांडिया बाजारातून मोठ्या जाऊबाईंचा फोन आला. वीस दिवस झाले, डावा हात दुखतोय, मुंग्या येतायत, तुमच्या त्या डॉक्टरांकडून तेच इंजेक्शन मला घेऊन द्या. मी म्हटलं वहिनी, आधी हात डोक्यावर ठेवून बघा बरं, सुटल्यासारखं वाटतं का. फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, नाही गं, उलट जास्तच मुंग्या येतायत. कुठल्या बोटात? करंगळीत, आणि शेजारच्या. म्हटलं मग माझं आणि तुमचं एक नाही, इंजेक्शनचं नंतर बघू, गुरुवारी अकराची वेळ घेतलीय, मी येते न्यायला.